दम लागतो म्हणून बसवून ठेवू नका : सीओपीडीच्या पेशंटला परत हिंडतं-फिरतं कसं करायचं

आमच्या दादांना सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन सारखा दम लागायचा फुप्फुसाचा जुनाट आजार, निघाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच काम केलं, त्यांना बाजेवर बसवलं. दादा म्हणजे वडील, आमच्याकडं वडिलांना दादाच म्हणतात. पाणी पाहिजे म्हणलं की नात पळायची, चहा जागेवर, आंघोळीचं पाणी मी काढून द्यायचो, जरा हलले की माय म्हणायची "कशाला उठायलाव, बसा की गप". तीस वर्षं डाळ मिलमध्ये हमाली केलेला माणूस, नाकातोंडात तुरीच्या फोलपटाचा धुराळा आणि वरून रोजचं बिडीचं बंडल, आता तरी आराम करावा असंच कुणालाही वाटणार. चार-पाच महिन्यांत गत अशी झाली की बाजेवरून मोरीपर्यंत गेले तरी दम, लुंगी गुंडाळली तरी दम. आम्हाला वाटलं आजार वाढला. लातूरला नेऊन नळीत फुंकायची टेस्ट परत केली, स्पायरोमेट्री म्हणतात ती, तर आकडा जवळपास पहिल्याइतकाच. डॉक्टरांनी त्यांची मांडी दाबून बघितली आणि म्हणाले, फुप्फुस आहे तिथंच आहे, पाय गेलेत ह्यांचे.

तेव्हा कळलं की आम्ही माया करत करत माणूस खाली बसवला. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणजे जरा तरी लवकर कळेल. सीओपीडी, जुना टीबी बरा झाल्यावर राहिलेला दम, चुलीच्या धुरानं छाती भरलेल्या बायका, नळ्या रुंद होऊन सारखा कफ पडणारे, सगळ्यांना थोड्याफार फरकानं हेच लागू पडतं. दम्याच्या म्हणजे अस्थमाच्या लोकांनी चालायच्या आधी हळूहळू अंग गरम करायचं आणि पंप, म्हणजे तोंडानं ओढायच्या औषधाचा इनहेलर, जवळ ठेवायचा. ज्यांचं फुप्फुस कडक होत चाललंय, आयएलडी म्हणतात त्यांनी मात्र जास्त सांभाळायचं, त्यांचा ऑक्सिजन चालताना लई पटकन उतरतो.

आधी हे होतं कसं ते बघा

सीओपीडीत खरी अडचण हवा आत जायची नाही, बाहेर यायची असते. नळ्या सुजलेल्या, त्यात चिकट कफ, आणि फुप्फुसाचा लवचिकपणा गेलेला, त्यामुळं श्वास सोडायला वेळ लागतो. माणूस घाईनं चालला की जुनी हवा पूर्ण निघायच्या आतच नवी घेतो, थोडी थोडी हवा आत साचत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. भरलेल्या टमटममधून कुणी उतरलं नाही आणि फाट्यावर अजून चार जण चढले, तसं.

आता पायांचं बघा. बसून राहिलेल्या पायाला ऑक्सिजन नीट वापरता येत नाही, त्यात लॅक्टिक ॲसिड लवकर तयार होतं आणि ते निपटायला शरीर श्वासाचा वेग वाढवतं. म्हणजे दम लागतो म्हणून बसलो, बसलो म्हणून पाय वाळले, पाय वाळले म्हणून अजून दम. फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, पण मांडीचा स्नायू सत्तरीतसुद्धा भरतो, आपल्या हातात एवढंच आहे आणि ते बरंच आहे.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडं एक चक्कर

ही पायरी टाळू नका. छातीत दुखत असंल, नुकताच हार्टचा त्रास झाला असंल, बीपी आटोक्यात नसंल, ताप असंल किंवा कफाचा रंग बदलला असंल तर आधी त्याचा इलाज, मग चालणं. डॉक्टरांना सरळ विचारा की ह्यांनी किती चालायचं, ऑक्सिजन कितीच्या खाली गेला की थांबायचं, आणि सहा मिनिटं चालायची टेस्ट करता का. त्या टेस्टमध्ये साधारण ३० मीटरच्या सरळ व्हरांड्यात सहा मिनिटं येरझाऱ्या घालायला लावतात आणि किती मीटर झालं, ऑक्सिजन किती उतरला ते लिहितात. आपल्याकडं संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथल्या छातीच्या विभागात चौकशी करा. पल्मोनरी रिहॅब असा शब्द वापरून विचारा, म्हणजे छातीच्या पेशंटसाठीचा व्यायामाचा कोर्स, सहसा सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा. जवळपास असंल तर सोडू नका. नसंल तर पुढचं घरीच करायचं आहे.

आणि पंप बरोबर घेता का ते डॉक्टरांच्या नाहीतर नर्सच्या समोर घेऊन दाखवा. आमच्या दादांचं निम्मं औषध जिभेवरच बसत होतं. दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी, लावला की हा घोळ बराच कमी होतो, आणि स्टेरॉइडचा पंप असंल तर नंतर चूळ भरायची. "पंपाची सवय लागते" म्हणून गोळ्यांवर राहणारी माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांना काय सांगावं. पंपानं औषध नेमकं नळ्यांत जातं, तेही गोळीपेक्षा कितीतरी कमी डोसमध्ये. लगेच आराम देणारा पंप लिहून दिला असंल तर डॉक्टरांना विचारून चालायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायचा, नळ्या मोकळ्या असताना चालणं सोपं जातं.

बिडी चालू असंल तर बाकी सगळं पाण्यात. सोडायला मदत पाहिजे तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायचा सरकारी फोन फुकट आहे. दादांनी तिसऱ्या झटक्यात सोडली, पहिले दोन फुकट गेले, त्याची लाज नको.

बशीतला चहा फुंकायचा श्वास

चालण्याच्या आधी श्वास शिकायचा, कारण हा नसंल तर पेशंट दोन दिवसांत घाबरून सोडून देतो. नाकानं श्वास घ्यायचा, मनात दोन मोजायचे, मग ओठ शीळ घालायला करतो तसे करून हळूहळू सोडायचा, चार मोजत. जोर लावायचा नाही. दादांना कितीदा सांगितलं तरी ते फुगा फुगवल्यागत फुंकायचे, मग मी म्हणलं बशीतला चहा फुंकता तसं, पण चहा बशीबाहेर सांडू नये इतपत. एका मिनिटात जमलं. ओठ आवळल्यानं नळ्यांमध्ये थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत आणि साचलेली हवा बाहेर पडते.

ह्यातला मेन नियम असा की जोराचं काम श्वास सोडताना करायचं. उठताना सोडा, बादली उचलताना सोडा, पायरी चढताना सोडा. श्वास रोखून जोर लावायची आपली जुनी सवय असते, ती मोडायला वेळ लागतो. टीव्हीवर बघून कपालभाती, भस्त्रिका सुरू करणारे लई आहेत. भरभर श्वासात हवा साचते हे वर सांगितलंच, त्यामुळं ह्या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नका.

दम लागला की पुढं झुकायचं. खुर्चीवर बसून कोपरं मांडीवर, किंवा उभ्यानं ओट्यावर, मोटरसायकलच्या सीटवर, भिंतीवर हात टेकून. हात टेकले की खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. आडवं पडायची घाई करू नका, पडल्यावर उलट कोंडतं.

दोन दिवस नुसतं बघा

लगेच काही बदलू नका. मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप टाका, फोन बंडीच्या खिशात, आणि दोन दिवस नेहमीसारखं राहू द्या. फार हळू चालणाऱ्याची पावलं फोन कमी मोजतो, चालतंय, आपल्याला त्याच फोनवर मागं-पुढं बघायचंय. दादांची पावलं निघाली साडेसहाशे, अख्ख्या दिवसाची. सोबत वहीत लिहा की कोणतं काम त्यांचं त्यांनी केलं आणि कोणतं आपण हिसकावून घेतलं. आमची दुसरी यादी एक पान भरली.

कामं परत द्या, एकेक करून

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, व्यायामाच्या आधी. सकाळी अर्धा तास चालून उरलेला दिवस बाजेवर काढला तर त्याला काही अर्थ नाही. त्या वहीतल्या यादीतलं सगळ्यात हलकं काम पहिल्या आठवड्यात परत द्यायचं. आम्ही पाण्यापासून सुरू केलं. माठ दादांच्या बाजेपासून पंधरा पावलांवर ठेवला आणि घरात नियम केला की दादांना पाणी कुणी द्यायचं नाही. नात रडली, माय चिडली, शेजारची म्हातारी म्हणाली पोरगा बापाला पाणीसुद्धा देईना. पण दिवसातून आठ-दहा वेळा उठणं झालं की नाही?

मग बसून करायची कामं, लसूण सोलणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं. धान्य पाखडणं, चाळणं, गोदामात झाडू मारणं हे मात्र नाही, धुराळ्याचं एकही काम द्यायचं नाही. मग कुंड्यांना पाणी, शेळीला पाला, नातवाला गल्लीच्या तोंडाशी शाळेच्या ऑटोपर्यंत सोडणं. आणि काहीही असलं तरी अर्धा-पाऊण तास झाला की एकदा उठून ओसरीवर चक्कर मारायची.

हाताची कामं फसवी असतात. हात खांद्याच्या वर गेले की जे स्नायू श्वासाला मदत करत होते ते हात धरून ठेवायच्या कामाला लागतात, म्हणून धुणं वाळत घालताना, केस विंचरताना, माळ्यावरचा डबा काढताना चालण्यापेक्षा जास्त दम लागतो. दोरी छातीच्या उंचीवर बांधा, रोजचे डबे खाली आणा, विंचरताना कोपर टेबलावर टेका. माझी आत्या औशाकडं असते, आयुष्यभर तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला, तिनं बिडी कधी ओढली नाही तरी फुप्फुसं दादांसारखीच. ती म्हणायची भाकरी मीच करणार. करू द्या की. पण गॅसवर, खिडकीपाशी, स्टुलावर बसून, दोन भाकरी झाल्या की थांबून. गॅसची टाकी महाग झाली की सगळी घरं परत चुलीवर येतात हे मलाही माहीत आहे, तसं असंल तर चूल अंगणात न्या आणि चुलीपाशी दुसऱ्याला बसवा.

वाकायच्या कामात पोट दबून श्वासाचा पडदा वर सरकतो, त्यामुळं संडास आणि आंघोळ ही दोन कामं सगळ्यात जड. ह्यात हट्ट करू नका, खुर्चीचा कमोड आणा. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, पाणी कोमट, वाफ कोंडू नये म्हणून दार किंचित उघडं, आणि अंग पुसत उभं राहण्यापेक्षा मोठा टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं बसून राहायचं. इथं वाचवलेला दम चालायला वापरायचा.

चालणं

सपाट रस्ता निवडा आणि विजेचे खांब मोजा. न थांबता जेवढं जमतं त्याच्या निम्म्यापासून सुरू. दादांना दोन खांब जमायचे, आम्ही एकच धरला, एक खांब चालायचं, दम खाली बसेपर्यंत थांबायचं, परत एक खांब. थांबत थांबत केलेलं चालणंही चालणंच असतं, तुटक चालल्यानं छातीत हवा कमी साचते म्हणून उलट जास्त वेळ टिकतं. थांबायच्या जागा आधीच ठरवून ठेवा, मारुतीचा पार, किराणा दुकानाचा बाकडा, शाळेचा कट्टा. जागा माहीत असली की भीती निम्मी होते.

किती जोरात? चालताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. अभंग म्हणता आला तर फारच हळू चाललाय, आणि दोन शब्दांत श्वास तुटला तर फार जोरात. दुसरं माप म्हणजे शून्य ते दहा आकडे, शून्य म्हणजे दम नाहीच, दहा म्हणजे आता जीव जातो. तीन-चारवर राहायचं. दम लागणारच, तो लागणं वाईट नाही, थांबल्यावर चार-पाच मिनिटांत तो खाली आला पाहिजे. हे पेशंटपेक्षा घरच्यांना पटवावं लागतं.

आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा, एका वेळी एकच गोष्ट, वेळ वाढवला तर वेग नाही. हळूहळू दिवसातून सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं, दहा-दहाच्या तुकड्यांत असली तरी चालतील. रोजच्या सरासरीत सहाशे ते हजार पावलांची वाढ झाली तरी ती नावापुरती नसते, तेवढ्यानं फरक पडतो. मोबाईलवरच्या दहा हजार पावलांच्या नादी लागू नका.

चढाचं वेगळं. पायरी चढताना सोडा, थांबा, घ्या, परत चढताना सोडा, कठड्याला धरून. तुळजापूरला तर देवीकडं जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, माणूस खुशीत उतरतो आणि दर्शन झाल्यावर वर बघतो. अशा ठिकाणी उतरायच्या आधी चढायचा हिशोब करा.

थांबायची लाज हा मोठा अडथळा आहे, ह्याच्यावर कुणी बोलत नाही. गावात सगळे ओळखीचे, दर खांबाला थांबला की "काय झालं हो" सुरू. दादांनी स्वतःच उपाय काढला, थांबले की खिशातून फोन काढून कुणालातरी सोयाबीनचा भाव विचारायचे. दोन मिनिटं मस्त जातात.

पायात ताकद

एक दिवसाआड. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, हात न टेकता उठायचं-बसायचं, उठताना श्वास सोडायचा, पाच वेळा, आराम, परत पाच वेळा. सुरुवातीला हात टेकले तरी चालतंय. मग खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा. हातांसाठी पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, कोपरातून वर-खाली. एवढंच. महिन्यातून एकदा एका मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजून वहीत लिहा, स्पायरोमेट्रीचा आकडा हलत नाही पण हा हलतो आणि पेशंटला हुरूप येतो.

स्नायू बांधायला माल लागतो, त्यामुळं वरण घट्ट करा, अंडं चालत असंल तर अंडं, दही, शेंगदाणे. थोडं थोडं चार-पाच वेळा खायचं, पोट गच्च भरलं की श्वासाचा पडदा दबतो, आणि जेवल्यावर तासभर तरी चालायचं नाही.

आपल्याकडची हवा

एप्रिल-मेमध्ये पारा ४०-४२ ला जातो तेव्हा सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातल्या घरात व्हरांड्यात. थंडीत उलटं, पहाटे गार हवा आणि त्यात गल्लोगल्ली शेकोट्यांचा धूर, म्हणून ऊन पडल्यावर नऊच्या पुढं, नाकावर उपरणं घेऊन. सोयाबीनची मळणी चालू असताना खळ्याच्या वाऱ्याखाली जायचं नाही, उसाचं पाचट पेटवलं की दारं लावून आतच. हिंगोली-वसमतकडच्या लोकांना हळद शिजवायच्या दिवसांतला धूर सांगायला नको. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला किलो-किलो चिकटतो, तसं चालणं दुप्पट जड, डांबरी सोडू नका. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

मशीन आणि वाईट दिवस

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असंल तर बोट गरम पाहिजे आणि नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, नाहीतर आकडा चुकतो. आम्हाला सांगितलंय की चालताना ८८ च्या खाली गेला की थांबायचं, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. रोजच उतरत असंल तर ऑक्सिजन लागतो का ते विचारा. घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, असणाऱ्यांनी लांब नळी घेऊन घरात चालावं, लाईट जाते म्हणून सिलेंडरची सोय ठेवावी, जवळ बिडी, चूल, समई काहीही पेटतं नको. आणि दम लागला म्हणून ऑक्सिजनचा फ्लो आपल्या मनानं वाढवू नका, सीओपीडीत जास्त ऑक्सिजननं अंगात कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जाऊ शकतो.

कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, नेहमीच्या कामाला नेहमीपेक्षा जास्त दम लागायला लागला तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. ओठ निळे, बोलताना शब्द फुटेना, बरळायला लागले, छातीत दुखलं तर वाट बघू नका, १०८. दवाखान्यातून आल्यावर लोक महिना-महिना झोपवून ठेवतात, तिथंच कमावलेलं सगळं जातं. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या आठवड्यातच खोलीतल्या खोलीत चालू करा, पण आधी जिथं होता तिथून नाही, निम्म्यावरून. दादांचं मागच्या पावसाळ्यात असंच झालं, सात खांबांवरून परत दोनवर आले, लई चिडले, दीड महिना लागला.

ह्या वेळी वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतात पूजा करायच्या सणाला, शेतात जायचं ठरलं तेव्हा माय म्हणाली ह्यांना मोटरसायकलवर न्या. दादा म्हणाले फाट्यापासून चालतो. बांधाच्या वाटेवर तीन वेळा थांबले, तिन्ही वेळा सोयाबीनचा भाव विचारला, पण कोपीपर्यंत, म्हणजे पूजेसाठी शेतात बांधलेल्या खोपटापर्यंत, पोचले आणि पांडवांची पूजा त्यांनीच केली. येताना मात्र मोटरसायकलच लागली. भज्जी आणि आंबील जरा जास्तच झाली होती, थोडं थोडं खायचं हे त्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही ऐकलं नाही.